‘बिन’ला नावे ठेवणारे

जेंटू लिनक्समध्ये फायरफॉक्स दोन नावांनी नांदतो: ‘फायरफॉक्स’ आणि ‘फायरफॉक्स-बिन’. पहिला मागितला तर मोझिलाचा सोर्स कोड उतरतो आणि मागणाऱ्याच्याच यंत्रावर कंपाइल होतो. जुन्या लॅपटॉपवर त्यात अख्खी दुपार जाते आणि पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरत राहतो. दुसरा मागितला तर मोझिलाने आपल्याकडे आधीच कंपाइल करून ठेवलेली फाइल उतरते, ‘ऑप्ट’ डिरेक्टरीत उलगडते आणि चहाला उकळी येईपर्यंत ब्राउझर तयार असतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. वेगळेपण सांगते ते फक्त शेवटचे ‘बिन’, म्हणजे बायनरी.

या ‘बिन’ला नावे ठेवण्याची टूम बरीच रुजली आहे. मराठीत ‘बिन’ पुढे लागला की काहीतरी कमी असल्याचे कळते: बिनमिठाचे, बिनबुडाचे, बिनकामाचे. पॅकेजच्या मागे लागलेला ‘बिन’ही आक्षेपकांना तसाच बिनकामाचा वाटतो. त्यांचे म्हणणे असे: नाव वस्तूचे असावे, तिच्या जन्माची हकिगत नावात कशाला? वापरणाऱ्याला ब्राउझर हवा आहे, ब्राउझरची पत्रिका नको. तो इथे कंपाइल झाला की अमेरिकेत, हा पॅकेज मॅनेजरच्या पोटातला प्रश्न. तो त्याने पोटातच ठेवावा. दोन नावांमुळे शोधताना गोंधळ होतो, नवखा बिचकतो, डिपेंडन्सी लिहिणाऱ्याला दोन्ही नावे सांभाळावी लागतात. आणि २०२३ पासून जेंटू स्वतःच तयार पॅकेजे वाटू लागल्यावर या शेपटाला अर्थ तरी काय उरला? तेव्हा नाव एकच ठेवा आणि आतला फरक एखाद्या फ्लॅगवर सोपवा.

मत सुटसुटीत आहे. मात्र जेंटू कशासाठी आहे हे विसरल्याशिवाय ते मांडता येत नाही.

डॅनियल रॉबिन्सने ‘इनॉक’ या नावाने सुरू केलेल्या वितरणाचे पुढे जेंटू झाले, त्याची १.० आवृत्ती ३१ मार्च २००२ रोजी आली. फ्रीबीएसडीच्या ‘पोर्ट्स’वरून स्फूर्ती घेऊन रचलेला ‘पोर्टेज’ हा त्याचा कणा. पोर्टेजमध्ये पॅकेज म्हणजे फाइलींचा गठ्ठा नव्हे; पॅकेज म्हणजे ई-बिल्ड, एक लेखी कृती. सोर्स कुठून आणायचा, कोणते पॅच चढवायचे, काय घालायचे, काय वगळायचे आणि कसे कंपाइल करायचे हे ती सांगते. घालण्या-वगळण्याचे अधिकार ‘यूज फ्लॅग’च्या रूपाने वापरणाऱ्याच्या हाती असतात. ज्याला छपाई लागत नाही तो छपाईचा भाग गाळतो. ज्याला एखादी लायब्ररी सिस्टिमचीच हवी असते तो तसे सांगतो. हे सगळे नको असलेल्यांसाठी डेबियन आहे, उबुंटू आहे. उत्तम वितरणे आहेत, तिथे कुणी कुणाला अडवत नाही. जेंटूत येणारा कृतीसाठी येतो. कृती हाच जिथे माल आहे, तिथे ‘कसे बनले’ हे नावातून काढून टाका म्हणणे म्हणजे पुस्तकावरून लेखकाचे नाव काढून फक्त पानांची संख्या छापण्यासारखे आहे.

गिरगावातल्या खोताच्या वाडीत ही गोष्ट संगणकाशिवाय समजते. तिथल्या ईस्ट इंडियन समाजाच्या स्वयंपाकघरांत ‘बॉटल मसाला’ असतो. पाऊस लागण्यापूर्वी, ऐन उन्हाळ्यात, मिरच्या वाळवायच्या, एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, एकत्र कुटायचा आणि वर्षभरासाठी गडद काचेच्या बाटल्यांत, बहुतेकदा बिअरच्याच, ठासून भरायचा. नाव पडले ते बाटलीवरून. आत काय आहे, किती आहे, हे नावातून काहीच कळत नाही, कारण प्रत्येक घराची कृती निराळी आणि ती सहसा घराबाहेर जात नाही. म्हणूनच ज्याला या मसाल्याची खरी पारख आहे, तो बाटली हातात आली की पहिल्यांदा विचारतो: कुणाकडचा? नावाने सांगितले नाही, म्हणून माणसाला विचारावे लागते.

लालबागच्या मसाला बाजारात तर हा फरक दुकानाच्या फळीवरच मांडलेला असतो. एका बाजूला सीलबंद पाकिटे. दुसऱ्या बाजूला पोती: रंगाला बेडगी, तिखटाला लवंगी, पलीकडे धणे, दगडफूल, नाकेश्वर. गिऱ्हाईक यादी काढते, मिरच्या निवडते, भाजून घेते आणि डंखावर आपल्या डोळ्यांदेखत कुटून नेते. पाकिटातला मसाला वाईट असतो असे नाही. पण पाकिटाला ‘समोर कुटलेला’ म्हणून कुणी विकू लागला, तर गिऱ्हाईक पुन्हा त्या दुकानाची पायरी चढणार नाही. कायद्यालाही हे कळते. पाकीटबंद मालाविषयीच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार उत्पादक एक आणि पाकीट भरणारा दुसरा असेल, तर दोघांची नावे व पत्ते पाकिटावर छापावे लागतात. हळदीच्या पुडीला जी पारदर्शकता सक्तीची आहे, ती ब्राउझरच्या बाबतीत गोंधळ वाढवणारी कशी ठरते?

आक्षेपकांकडे याला एक गिरगावी उत्तरही असू शकते. फणसवाडीत फणस कुठे आहेत? तिथे फणस शोधायला जाणाऱ्याला व्यंकटेशाचे देऊळ सापडते. खोताची वाडी दादोबा वामन खोतांच्या नावाची. अठराव्या शतकाच्या अखेरीस या पाठारे प्रभू गृहस्थांनी ईस्ट इंडियन कुटुंबांना जागा विकल्या, आज वाडीची ओळख त्या कुटुंबांच्या लाकडी गॅलऱ्यांच्या घरांनी आहे, तरी नाव खोतांचेच चालते. म्हणजे नाव ही नुसती खूण. आतले बदलले तरी खूण चालू शकते. हे खरे आहे, पण पत्त्यापुरते. टपाल पोचले की पत्त्याचे काम संपते. पॅकेजच्या नावाचे काम मात्र पॅकेज बसल्यावर सुरू होते: ते अपडेट करायचे असते, त्यातला दोष शोधायचा असतो, दुसऱ्या पॅकेजला त्यावर अवलंबून राहायचे असते.

त्याचा एक दाखला पुरेसा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या लायब्ररीत गंभीर भगदाड सापडले. वेबपी प्रकारची चित्रे उलगडणारी ही लायब्ररी बहुतेक ब्राउझरांच्या पोटात असते. ज्याने जेंटूवर सिस्टिमची लिबवेबपी वापरण्याचा फ्लॅग लावून फायरफॉक्स बांधला होता, त्याला ती एक लहानशी लायब्ररी अपडेट करून भागणार होते. ‘फायरफॉक्स-बिन’च्या पोटात मात्र मोझिलाने घातलेली स्वतःची प्रत असते; सिस्टिमची लायब्ररी कितीही वेळा अपडेट केली तरी तिला हात लागत नाही, त्यासाठी मोझिलाची नवी आवृत्तीच यावी लागते. ती लगेच आलीही. पण त्या दिवशी ‘माझे यंत्र सुरक्षित आहे का’ या प्रश्नाची दोन पॅकेजांसाठी दोन वेगळी उत्तरे होती. दोघांचे नाव एकच असते, तर दहा यंत्रे सांभाळणाऱ्याने पॅकेजांच्या यादीकडे पाहून काय ओळखायचे होते?

आता फ्लॅगचा पर्याय. ‘फायरफॉक्स’ हे एकच नाव ठेवायचे आणि ‘बायनरी’ नावाचा यूज फ्लॅग द्यायचा, ज्याला तयार हवे त्याने तो लावायचा. कागदावर हे देखणे दिसते. प्रत्यक्षात ही पुरणपोळीची कृती आहे, जिच्या शेवटी ‘किंवा दुकानातून आणा’ अशी एक ओळ जोडली आहे. हा एक फ्लॅग लागला की बाकीच्यांपैकी बहुतेक फ्लॅग मेले, कारण ते कंपाइल करतानाच्या निवडीसाठी होते आणि इथे कंपाइल होणारच नाही. मग ‘हा असेल तर तो नको’ अशा अटींचे जंगल ई-बिल्डमध्ये वाढवायचे. सोर्सवाल्याला कंपायलर आणि डझनभर बांधणीची साधने लागतात, तयारवाल्याला त्यातले काहीच लागत नाही. दोन्हींच्या डिपेंडन्सी एकाच फाइलीत अटींसकट कोंबायच्या. सोर्सवाला फायरफॉक्स पीपीसी६४ वरही बांधता येतो, मोझिला मात्र त्या आर्किटेक्चरसाठी तयार फाइल देत नाही. तेव्हा तिथे हा फ्लॅग बंद करून ठेवायचा. दोन वस्तू एका नावाखाली आणायच्या आणि मग त्या दोन असल्याचे ठिकठिकाणी आडून सुचवायचे, याला सोपेपणा म्हणायचे?

शिवाय फ्लॅगने एक सोय सरळ जाते. आज फायरफॉक्स आणि फायरफॉक्स-बिन एकाच यंत्रावर शेजारी शेजारी राहू शकतात. आपण बांधलेला ब्राउझर एखाद्या साइटवर कोसळू लागला की शेजारचा ‘बिन’ उघडून पाहायचे. तो टिकला तर दोष आपल्या बांधणीत आहे, तोही कोसळला तर मोझिलाकडे तक्रार करायची. पाच मिनिटांत निदान. एका पॅकेजचा फ्लॅग एका वेळी चालू तरी असेल किंवा बंद तरी, दोन्ही नाही. ओपनजेडीके आणि ओपनजेडीके-बिन यांच्या बाबतीतही हेच: दोन्ही बसवायचे आणि ‘ईसिलेक्ट’ या साधनाने हवा तो जावा निवडायचा. दोन नावांचा जाच डिपेंडन्सी लिहिणाऱ्याला होतो म्हणावे, तर त्याचा इलाज पोर्टेजमध्ये जुनाच आहे. ‘व्हर्च्युअल’ नावाचे पोकळ पॅकेज दोन्हींच्या वतीने उभे राहते. ज्या प्रोग्रॅमला जावा हवा तो ‘व्हर्च्युअल/जेडीके’ मागतो आणि दोघांतला कुठलाही चालतो.

उलटा दाखला एक आहे, तो झाकायचे कारण नाही. हॅस्केलच्या जीएचसी कंपायलरच्या ई-बिल्डमध्ये ‘बायनरी’ फ्लॅग वर्षानुवर्षे नांदला. पण जीएचसीला स्वतःला कंपाइल करण्यासाठी आधीचा तयार जीएचसी आणावाच लागतो. तो फ्लॅग फक्त ‘आणलास तोच बसव, पुढे जाऊ नकोस’ एवढेच सांगे. या अपवादातून नियम काढता येत नाही. त्याच हॅस्केलमध्ये लिहिलेल्या पॅन्डॉकसाठी जेंटूने ‘पॅन्डॉक-बिन’ हे वेगळे नावच दिले. सोर्समधून बांधायचा तर हॅस्केलच्या लायब्ररींची वरातच मागे येते, ‘बिन’मध्ये ती येत नाही. इतक्या वेगळ्या संसारांना एक नाव देऊन कुणाची सोय झाली असती?

आक्षेपकांचा हुकमी एक्का मात्र २०२३ चा आहे. त्या वर्षी २९ डिसेंबरला जेंटूने जाहीर केले की इथून पुढे तयार पॅकेजेही थेट मिळतील. एएमडी६४ आणि एआरएम६४ या दोन आर्किटेक्चरसाठी वीस जीबीहून अधिक साठा खुला झाला. या पॅकेजांना ‘बिन’ लागत नाही. बायनरी असूनही नाव साधेच. मग फायरफॉक्स-बिनचेच शेपूट का ठेवायचे?

एक्का म्हणून टाकलेले हे पान खरे तर आक्षेपकांचाच डाव बिघडवते. जेंटूच्या साठ्यातले तयार पॅकेज त्याच ई-बिल्डमधून, त्याच पॅचसह निघालेले असते. फक्त यंत्र दुसऱ्याचे. पोर्टेज ते घेण्याआधी फ्लॅग जुळवून पाहतो. वापरणाऱ्याने मागितलेले फ्लॅग आणि तयार पॅकेजचे फ्लॅग जमले नाहीत, तर ते बाजूला सारून तो सोर्समधून कंपाइल करू लागतो. म्हणजे कृती तीच, चूल वेगळी. गिरगावात आईने केलेला मसाला डोंबिवलीला लेकीकडे गेला म्हणून त्याचे नाव बदलत नाही. जेंटूवाले हे २०२३ च्या कितीतरी आधीपासून करत आले आहेत: दमदार यंत्रावर पॅकेज बांधायचे, त्याची प्रत ठेवायची आणि अशक्त लॅपटॉपवर तीच बसवायची. त्या प्रतींनाही कधी ‘बिन’ लागला नाही. बांधणी कितवी हे नोंदवायचे तर ते फाइलीच्या नावात नोंदले जाते. एकाच पॅकेजच्या अनेक बांधण्या ठेवायच्या असतील तर आवृत्तीच्या मागे बांधणीचा क्रमांक येतो. पॅकेजच्या नावाला धक्का लागत नाही.

फायरफॉक्स-बिनमध्ये चूल तर वेगळी आहेच, कृतीही वेगळी आहे. ई-बिल्ड तिथेही आहे, पण ते फक्त गाठोडे सोडण्याचे काम करते. फायरफॉक्स बांधण्याची कृती मोझिलाकडे राहिली. जेंटूचे पॅच तिला लागले नाहीत, वापरणाऱ्याचे कंपायलरचे पर्याय तिला माहीत नाहीत. ‘बिन’ हा शब्द बायनरीपणाची नोंद करत नाही. त्याचा अर्थ आहे: ही कृती इथली नव्हे. सगळा वाद या एका गैरसमजावर उभा आहे, आणि तो दूर केला की साध्या नावाचे बायनरी पॅकेज आणि ‘बिन’ नावाचे बायनरी पॅकेज एकाच घरात बिनतक्रार राहतात.

हे केवळ जेंटूचे खूळ असते तरी एक वेळ सोडून देता आले असते. पण होमब्रूकडे पाहावे. मॅकवर रुळलेल्या या २००९ च्या पॅकेज मॅनेजरमध्ये कृतीला ‘फॉर्म्युला’ म्हणतात आणि त्या कृतीतून आधीच बांधून ठेवलेल्या पॅकेजला चक्क ‘बॉटल’. खोताच्या वाडीला हे आवडावे. बॉटल आणि फॉर्म्युला यांचे नाव एकच. पण कंपनीकडून तयार आलेले अ‍ॅप वेगळ्या दारातून येते, त्याला ‘कास्क’ म्हणतात, आणि फायरफॉक्स तिथे कास्क आहे. निक्स या पॅकेज मॅनेजरमध्येही सार्वजनिक साठ्यातून तयार पॅकेजे साध्या नावानेच येतात, आणि तरीही ‘फायरफॉक्स-बिन’ वेगळा आहे. आर्च लिनक्सच्या वापरकर्त्यांच्या भांडारात सोर्स उपलब्ध असताना तयार फाइल वापरणाऱ्या पॅकेजला ‘बिन’ लावण्याचा दंडकच आहे. इतक्या ठिकाणी, इतक्या वेगवेगळ्या स्वभावाच्या माणसांनी रेघ एकाच जागी ओढली. हे सगळेच बिनडोक, असे आक्षेपकांना म्हणायचे आहे का?

आणि खुद्द मोझिलाला काय वाटते? डेबियनने फायरफॉक्सला आपले पॅच लावले, तेव्हा ट्रेडमार्कचा वाद उभा राहिला आणि २००६ मध्ये डेबियनला नाव बदलून ‘आइसवीजल’ करावे लागले. ते नाव २०१६ पर्यंत चालले. म्हणजे ज्याचा माल आहे त्याचीच भूमिका अशी होती की दुसऱ्याने आपल्या कृतीने बनवले तर ते आपल्या नावावर खपू नये. मोझिलाने स्वतः बनवलेल्या मालाला जेंटूने वेगळी खूण लावली, तर मग कोणाचा अपमान होतो?

क्रोमचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. ‘गूगल-क्रोम’ पूर्णपणे तयार बायनरी, तरी त्याला ‘बिन’ नाही. मग नियम कुठे गेला? नियम जागेवर आहे. क्रोमचा पूर्ण सोर्स बाहेर मिळतच नाही. जो मिळतो त्याचे नाव क्रोमियम, आणि ते वेगळे पॅकेज आहे. जिथे दुसरी कृती असूच शकत नाही तिथे फरक सांगणारी खूण कशाला? हॉटेलच्या पाटीवर ‘घरी न केलेले जेवण’ असे कुणी लिहीत नाही.

‘बिन’ला नावे ठेवणारा दुसरा एक पंथ उलट्या बाजूला आहे. त्यांना ‘बिन’ हवा आहे, पण कपाळावरच्या डागासारखा: ज्याच्या यादीत ‘बिन’ दिसला तो खरा जेंटूवाला नव्हे. हे सोवळे पहिल्या पंथाहून जास्त हास्यास्पद आहे. खोताच्या वाडीतच ‘अनंताश्रम’ खानावळ होती, आता बंद झालेली. तिथे माशांचे जेवण जेवायला येणारे आपल्या घरच्या चुलीचा अपमान करत नव्हते, आणि खानावळीनेही कधी आपण त्यांचे घर असल्याचा आव आणला नाही. कंपाइल करायला वेळ नसलेल्याने लिब्रेऑफिस-बिन बसवले तर त्याने काहीही गमावलेले नाही. आपण काय बसवले हे त्याला माहीत आहे, आणि ते त्याला माहीत आहे ते नावामुळेच. ‘बिन’ लाजिरवाणा आहे म्हणून तो पुसा म्हणणारे आणि लाज वाटावी म्हणून तो ठेवा म्हणणारे, दोघेही वर्णनाला शिवी समजून बसले आहेत.

शेवटी रस्ट. या भाषेचा कंपायलर रस्टमध्येच लिहिलेला आहे, म्हणजे पहिल्यांदा रस्ट कंपाइल करायला आधी कुणाचा तरी तयार रस्ट लागतो. आक्षेपक इथे खुशीत येतात: पाहा, तुमच्या सोर्सवाल्या पॅकेजच्या मुळाशीही बायनरीच आहे, मग हा फरक कसला? पण शेजारून विरजण आणून लावलेल्या दह्याला घरचेच दही म्हणतात. विरजण आणले म्हणून ते डेअरीचे होत नाही. हां, विरजणच बिघडलेले असेल तर दहीही बिघडते. केन थॉम्प्सनने १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवले होते की कंपायलरमध्ये दडवलेली खोडी त्याच्याकडून कंपाइल होणाऱ्या पुढच्या कंपायलरमध्येही जाते, आणि सोर्स कितीही वाचला तरी दिसत नाही. तेव्हा विरजण कुणाकडचे, हा प्रश्न रिकामटेकडा नाही. जेंटूवर त्यासाठी ‘रस्ट-बिन’ वेगळे बसवता येते. ते ‘ऑप्ट’मध्ये आपल्या आवृत्तीसकट राहते, त्याच्यावर ‘रस्ट’ बांधला जातो, आणि बसवलेल्या पॅकेजांच्या यादीत दोन ओळी एकाखाली एक दिसतात: ‘रस्ट’, ‘रस्ट-बिन’. वरची घरची, खालची शेजारची. यातली खालची ओळ वरच्या ओळीत मिसळून टाका, एवढीच आक्षेपकांची मागणी आहे.